अचलांचा कंप : सह्याद्री आणि सातपुडा यांच्या भूकंपांची कथा



संस्कृत भाषेत पर्वताला 'अचल' असे एक नाव आहे आणि पृथ्वीला 'अचला' असे. जे हलत नाही ते अचल. पर्वताला 'भूधर' आणि 'महीधर' असेही म्हणतात. पृथ्वी जागच्या जागी राहावी म्हणून त्यांनी तिला धरून ठेवले आहे, अशी ती कल्पना. पण ज्या पूर्वजांनी ही नावे दिली त्यांनीच दुसरीही एक कथा सांगून ठेवली आहे. एके काळी पर्वतांना पंख होते, ते वाटेल तेथे उडत आणि वाटेल तेथे बसत, आणि त्या भाराने पृथ्वी डळमळू लागली म्हणून इंद्राने वज्राने त्यांचे पंख छाटले. म्हणजे पर्वत अचल आहेत ही श्रद्धा आणि ते कधी काळी चळत होते ही शंका, दोन्ही आपल्या घरात पहिल्यापासून सुखाने नांदत आल्या आहेत. आज या शंकेचाच थोडा इतिहास आपल्यापुढे मांडावा असा आमचा विचार आहे.

नागपुरात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. भूकंप ही हिमालयाच्या पायथ्याची, आसामची, फार तर कच्छची गोष्ट. वैशाखात ऊन भाजते एवढीच नागपूरकरांची तक्रार. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच समजत होतो. परंतु भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने पाहू गेल्यास हे शहर मोठ्या चमत्कारिक जागी वसलेले आहे. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची आहे तो दगड पश्चिमेकडे थेट सह्याद्रीच्या कड्यापर्यंत पसरला आहे. आणि शहराच्या पूर्वेस थोडे गेले की तो दगड संपून त्याच्या खालचा, कल्पनातीत जुना असा दगड उघडा पडतो. महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाची कड आपल्या अंगणातून गेली आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्याही आधी, रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी या नागपुरात शाळा चालवीत असता फावल्या वेळी सीताबर्डी आणि टाकळी येथले दगड फोडून त्यांतले जीवावशेष गोळा करीत असत. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यात साचलेली माती सापडते, तीत शंखशिंपले सापडतात, याचा अर्थ एक लाव्हा थंड झाल्यावर त्यावर तळी झाली, जीव राहिले, आणि मग पुन्हा लाव्हा आला, हे त्यांनी इथे बसून ताडले. पुढे 'गोंडवन' हे आपल्याच शेजारच्या गोंडांचे नाव एका प्राचीन खंडाला मिळाले आणि जगभरच्या पुस्तकांत गेले. तेव्हा पृथ्वीच्या पोटाविषयी बोलण्याचा अधिकार नागपूरला आहे, आणि तो जुना आहे.

भूकंप का होतो, याविषयी आपल्याकडील मते वराहमिहिराने बृहत्संहितेत एकत्र केली आहेत. कोणी म्हणतो समुद्रातले महाकाय प्राणी हलतात, कोणी म्हणतो पृथ्वीचा भार वाहणारे दिग्गज दमून उसासा टाकतात, कोणी म्हणतो आकाशात वारा वाऱ्यावर आदळून खाली येतो. शेषाने मस्तक हलविल्याची कल्पना तर आपण लहानपणी सर्वांनीच ऐकली आहे. या मतांना हसण्याचे कारण नाही. १९३४ च्या जानेवारीत बिहारात प्रचंड भूकंप झाला, तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाचे हे शासन आहे असे खुद्द गांधीजींनी म्हटले आणि रवीन्द्रनाथांना त्याचा जाहीर प्रतिवाद करावा लागला. विसाव्या शतकाच्या मध्याजवळ, देशातली दोन सर्वांत थोर माणसे या प्रश्नावर एकमेकांसमोर उभी होती! कारण माणसाला भूकंपाचे नुसते कारण नको असते, त्याला अर्थ हवा असतो.

असो. आमचा विषय आपल्या पर्वतांचा आहे. त्यांच्या भूकंपांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण अशी की, डोंगरात लिहिणारे कोणी नव्हते. इतिहास कागदावर उतरतो तो दरबारात, पेठेत, मठात, बंदरात. कोयनेच्या खोऱ्यात किंवा मेळघाटच्या कुशीत एखाद्या रात्री जमीन हलली, चार घरे पडली, गुरे दावी तोडून पळाली, तर ते कोण लिहिणार? तेथील माणसे दुसऱ्या दिवशी भिंती पुन्हा रचीत आणि गावदेवीला नारळ देत. म्हणून जुन्या कागदांत जेथे भूकंपाची नोंद सापडते तेथे भूकंप झाला असे म्हणता येते. पण जेथे नोंद नाही तेथे तो झाला नाही, असे मात्र मुळीच म्हणता येत नाही. हा साधा न्याय विसरल्यामुळे आपण किती फसलो हे पुढे दिसेलच.

इंग्रजी अमदानीत टॉमस ओल्डहॅम या भूगर्भखात्याच्या पहिल्या प्रमुखाने हिंदुस्थानातल्या भूकंपांची एक यादी तयार केली. ती त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली त्याच्या मुलाने प्रसिद्ध केली. तीत आपल्या किनाऱ्यावरची एक फार भयंकर नोंद आहे. २६ मे १६१८ रोजी मुंबईच्या बाजूला तुफान आणि भूकंप होऊन दोन हजार माणसे दगावली आणि साठ गलबते बुडाली. ही नोंद पुढच्या यादीकारांनी जशीच्या तशी उचलली, आणि मुंबईचा महाभूकंप म्हणून ती पुष्कळ ठिकाणी मिरवत राहिली. आता आपणच विचार करून पाहा. मे महिन्याचा शेवट म्हणजे अरबी समुद्रात वावटळी उठण्याचे दिवस. गलबते बुडाली, तीही साठ. भूकंपाने घरे पडतात. गलबते बुडतात ती वाऱ्याने आणि लाटेने. वाऱ्याच्या तडाख्याने दारे-भिंती थरथरल्या, त्याचे वर्णन करणाऱ्याने भूमी कापली असे लिहिले, आणि यादीकाराने ते अक्षरशः घेतले, असाच संभव अधिक. नंतरच्या संशोधकांनीही हे तुफानच असावे असा कौल दिला आहे. म्हणजे ज्या खऱ्या भूकंपांनी डोंगर हलविले त्यांचा पत्ता नाही आणि जो बहुधा झालाच नाही तो यादीत ठळक अक्षरांत!

मराठी कागदपत्रांकडे या दृष्टीने पाहण्याचे श्रेय इतिहाससंशोधक य. न. केळकर यांच्याकडे जाते. कोयनेच्या भूकंपाला महिनाही लोटला नव्हता, तोच जानेवारी १९६८ मध्ये त्यांनी 'केसरी'त महाराष्ट्रातल्या गेल्या तीनशे वर्षांतील भूकंपांवर लेख लिहिला. पोवाडे गोळा करणारा हा माणूस. पण त्याच्या त्या वृत्तपत्रातल्या लेखाचा आधार पुढे भूकंपशास्त्रज्ञांना आपल्या इंग्रजी निबंधांत घ्यावा लागला. इतिहासाच्या अभ्यासकाने एखाद्या शास्त्राला इतक्या रोखठोक रीतीने मदत केल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी आहेत, म्हणून मुद्दाम सांगितले. १७६४ साली महाबळेश्वराच्या परिसरात जोराचा धक्का बसल्याची नोंद आता भूकंपांच्या याद्यांत नेमाने येते. महाबळेश्वर म्हणजे कृष्णेप्रमाणे कोयनेचेही उगमस्थान. थोरले माधवराव तेव्हा गादीवर होते. कोयनेवर धरण बांधण्याची कल्पनाही त्या काळी कोणाला शिवलेली नव्हती, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे मोठा भूकंप झाला तो १६ जून १८१९ चा, कच्छचा. त्यात रणामध्ये कित्येक मैल लांबीचा बांध जमिनीतून वर आला आणि लोकांनी त्याला 'अल्लाबंद' म्हटले, कारण तो माणसाने बांधलेला नव्हता. १८९७ साली आसाम हादरला. त्या भूकंपाचा अभ्यास करता करता ओल्डहॅमच्या मुलाने भूकंपाच्या लाटा निरनिराळ्या जातींच्या आणि निरनिराळ्या वेगाच्या असतात हे दाखविले, आणि त्यावरून पुढे पृथ्वीच्या पोटात एक गाभा आहे हेही सिद्ध केले. आसामच्या धक्क्यानंतर थोड्याच दिवसांत कलकत्त्यास अलीपूरला, मुंबईस कुलाब्याला आणि दक्षिणेत कोडाईकनालला भूकंपमापक यंत्रे बसली. पण ती यंत्रे दूरचे मोठे धक्के टिपण्याची. सह्याद्रीच्या खोबणीत होणारी लहानसहान कुरकूर त्यांना ऐकू येण्याचे कारण नव्हते.

आणि नेमक्या याच काळात एक शास्त्रीय समज पक्का होत गेला. दख्खनचे पठार हा पृथ्वीचा अतिप्राचीन, घट्ट, निवांत असा तुकडा आहे. हिमालय तरुण आहे म्हणून तो हलतो, दख्खन म्हातारी आहे, ती हलत नाही. समज अगदीच निराधार नव्हता. सह्याद्री हा हिमालयासारखा वळ्या पडून उचललेला पर्वत नव्हेच. तो पठाराची तुटलेली कड आहे. कोकणातून पाहिले तर पर्वत, देशावरून पाहिले तर सपाट माळ संपून एकाएकी दरी. या दगडाचे थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरले ते आजही रचलेल्या चळतीसारखे आडवेच आहेत. शिवाय लोक म्हणत, दोन-दोन हजार वर्षांची लेणी पाहा, एक तरी खांब ढळला आहे काय? या युक्तिवादात एक गोम आहे. लेणे म्हणजे खडकातली पोकळी. खडक हलला की ती त्याच्याबरोबर हलते आणि त्याच्याबरोबर थांबते. दगडावर दगड ठेवून मातीत रचलेल्या भिंतीची गोष्ट निराळी. लेण्याच्या साक्षीवरून घराचा निवाडा करता येत नाही.

सातपुड्याने मात्र हा समज अगदी वेळेवर खोडून काढण्याचा प्रयत्न केला होता. आपण ऐकले नाही. २ जून १९२७ रोजी शोणेच्या खोऱ्यात साडेसहा मापाचा धक्का बसला. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्याच्या पश्चिम भागात, खानदेशाच्या डोक्यावर, सहाच्या वरचा. २५ ऑगस्ट १९५७ रोजी तर अगदी आपल्या शेजारी, बालाघाटला, साडेपाचच्या सुमाराचा. नर्मदा आणि शोण या दोन नद्या ज्या सरळ रेषेत वाहतात ती रेषा म्हणजे पृथ्वीच्या कवचातली एक जुनी शीव आहे. तिच्या दोन बाजूंचे तुकडे कधी काळी जोडले गेले आणि तो सांधा अजून पुरता मुरलेला नाही. पण हे धक्के फार खोलातून येतात. १९३८ चा धक्का चाळीस किलोमीटर खोलीवरचा समजला जातो. खोलातला धक्का दूरवर जाणवतो, पण एका ठिकाणी केंद्रित होऊन नाश करीत नाही. त्यामुळे सातपुडा हलला, भांडी वाजली, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि लोक विसरून गेले.

आता कोयनेकडे येऊ. कोयना महाबळेश्वराला उगम पावते आणि सह्याद्रीच्या रांगेला समांतर दक्षिणेकडे साठ-पासष्ट किलोमीटर सरळ जाते. मग हेळवाकजवळ ती काटकोनात वळते आणि पूर्वेला कराडास कृष्णेला मिळते. नदीने इतके सरळ का वाहावे आणि मग एकदम का वळावे, हा प्रश्न भूगर्भशास्त्रज्ञांना पुढे फार छळणार होता. इंजिनियरांना मात्र त्या वळणात दुसरेच काही दिसले. पश्चिमेस थोड्या अंतरावर सह्याद्रीचा कडा तुटतो आणि खाली कोकण आहे. नदीला अडवून तिचे पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेकडे सोडले, तर कित्येक शे मीटरांची धार मिळते. पोफळीच्या डोंगरात गुहा कोरून वीजघर बांधण्यात आले, १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, १९६१-६२ पासून शिवाजीसागर भरू लागला आणि १९६२ साली वीज सुरू झाली. महाराष्ट्र राज्य तेव्हा दोन वर्षांचे होते. त्या काळी ज्यांना कळत होते त्यांना आठवत असेल की, कोयना हे नाव उच्चारताना माणसांचा आवाज बदलत असे. ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांचा आवाजही बदलत असे, पण तो ऐकायला फारसे कोणी नव्हते, आणि त्यांच्या पुनर्वसनाची गाऱ्हाणी पुढे कित्येक दशके सरकारदरबारी फिरत राहिली.

पाणी चढू लागले त्याच्या पाठोपाठ खोऱ्यातून जमिनीखालचे आवाज ऐकू येऊ लागले. तोफ उडाल्यासारखा दबका आवाज, मग थरथर. प्रथम लोकांना वाटले कोठे सुरुंग लागत आहेत. १९६३ साली धरणाभोवती भूकंपमापक यंत्रे बसविण्यात आली. खडकवासल्याच्या केंद्रीय जलसंशोधन संस्थेतील मंडळींनी नोंदी ठेवल्या. आणि बहुतेक धक्क्यांचे उगम जलाशयाच्या आसपासच आहेत असे आढळले. १३ सप्टेंबर १९६७ रोजी पाचाच्या वरचा धक्का बसला. पावसाळा संपला होता, जलाशय भरला होता. लोकांनी भिंतींच्या भेगा लिंपल्या.

११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे. डोंगरातली थंडी, सगळी माणसे दारे लावून झोपलेली. धक्क्याचे माप पुढे ६.३ ठरविण्यात आले; कोणी साडेसहाही देतात. कोयनानगर ही धरणावरच्या नोकरदार-कामगारांची वसाहत, तिच्यातली बहुतेक घरे पडली. सभोवारच्या वाड्यांतून दगडमातीच्या भिंती आत झोपलेल्यांवर आल्या. सुमारे १८० माणसे गेली, दीड-दोन हजार जखमी झाली. डोणीचा वाडा येथे जमिनीला भेगा पडून त्यांची रांग लांबवर गेली. मुंबई, पुणे, गोवा येथे माणसे जागी होऊन रस्त्यावर आली. वीज तुटली आणि मुंबईच्या कारखान्यांना त्या दिवशी प्रथमच कळले असेल की आपली चाके कोणत्या दरीच्या जिवावर फिरतात. मुख्यमंत्री आपल्या विदर्भातले वसंतराव नाईक होते, आणि दिल्लीत गृहमंत्रिपदावर त्याच कराडच्या मुलुखातले यशवंतराव चव्हाण.

पण त्या पहाटे सर्वांच्या जिवाचा थरकाप उडविणारा प्रश्न एकच होता : धरण? तुडुंब भरलेल्या जलाशयाखाली कराड आणि सांगलीपर्यंत कृष्णाकाठची वस्ती होती. धरण फुटल्याची आवई उठलीच, आणि ती नुसतीच आवई ठरली हे आपले भाग्य. धरण उभे राहिले. पण ते शाबूत राहिले असे म्हणणे मात्र खरे नव्हे. धरणाच्या पाठीचा उतार जेथे एकाएकी बदलतो त्या उंचीवर आडव्या चिरा गेल्या होत्या, दोन्ही अंगांना. या धरणाचा आराखडा करताना भूकंपासाठी जे बळ हिशेबात धरले होते ते गुरुत्वाकर्षणाच्या विसाव्या हिश्श्याएवढे, म्हणजे ०.०५, आणि धरणाच्या पोटातल्या यंत्राने त्या पहाटे जो कमाल झटका नोंदला तो ०.६३. हे दोन आकडे एकाच मापाने तोलण्याजोगे नाहीत हे आम्हांस ठाऊक आहे, इंजिनियर मंडळी आमच्यावर रागावतील. तरी पण ते शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय राहवत नाही. पुढे पोलादी दोर ताणून आणि मग मागच्या बाजूस काँक्रीटचे जाड आधार देऊन धरण बळकट करण्यात आले, आणि २००६ च्या सुमारास सांडव्याच्या भागाचेही तसेच काम झाले.

मग वाद सुरू झाला, आणि या सबंध इतिहासात आम्हांस सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो. पाण्यामुळे भूकंप झाला काय? सरकारी गोटात, आणि पुष्कळ इंजिनियरांतही, हे म्हणणे पटण्यासारखे नव्हते, आणि त्याला कारणे होती. भूकंपाची शक्ती केवढी आणि तळ्याच्या पाण्याचे वजन केवढे! शंभर मीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला दहा किलो. पाच-सात किलोमीटर खालच्या खडकावर त्याच्या कित्येक पट दाब आधीच असतो. मुंगीने हत्ती ढकलला असे म्हणण्यासारखे ते झाले. शिवाय देशभर धरणे बांधायची होती. धरणाने भूकंप होतो असे एकदा लोकांच्या मनात बसले तर? हा दुसरा मुद्दा कोणी मोठ्याने बोलत नव्हते, पण तो खोलीत हजर होता.

उलट बाजूला पुरावा साचत होता. अमेरिकेत कोलोराडो नदीवरच्या हूवर धरणाचा जलाशय १९३५ पासून भरू लागला तेव्हा तेथे पूर्वी न जाणवलेले धक्के सुरू झाल्याचे १९४५ साली प्रसिद्ध झाले होते. चीनमधल्या एका मोठ्या धरणाजवळ १९६२ साली, आफ्रिकेत करीबाला १९६३ साली, ग्रीसमध्ये क्रेमास्ता येथे १९६६ साली, सहाच्या मापाचे किंवा त्याहूनही मोठे धक्के बसले होते. मग १९६७, कोयना. युनेस्कोचे तज्ज्ञ येऊन गेले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतले हर्ष गुप्ता यांनी तर हा आयुष्याचाच विषय केला. बी. के. रस्तोगी यांच्यासह त्यांनी लिहिलेले धरणे आणि भूकंप यांवरचे पुस्तक १९७६ साली परदेशात निघाले आणि जगभर वाचले गेले. धक्के अकस्मात येत नाहीत, त्यांचे जलाशयाशी वेळापत्रक जुळते, असे त्यांना दिसले. पावसाळ्यात पाणी चढते आणि सप्टेंबराच्या सुमारास धक्के वाढतात, मग डिसेंबर-जानेवारीकडे पुन्हा. पाणी किती उंच चढले, किती झपाट्याने चढले, किती दिवस तेथे राहिले, यांचा संबंध लागतो.

आज जे उत्तर मान्य आहे ते दोन्ही पक्षांना थोडे थोडे न्याय देते. खडकात जुना चिरा असतो. भारतभूमी उत्तरेकडे सरकत असल्यामुळे त्या चिऱ्यावर युगानुयुगे ताण साचत येतो. दोन बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात म्हणून त्या घसरत नाहीत. पाणी फटीफटींतून खोल झिरपते, त्याचा दाब दोन बाजूंना जरासा सैल करतो, आणि साचलेला ताण सुटतो. बंदूक निसर्गाने भरून ठेवली होती. पाण्याने फक्त चाप ओढला. १७६४ च्या महाबळेश्वरच्या धक्क्याची आठवण ठेवा असे आम्ही म्हणालो होतो ते एवढ्यासाठी. धरण नसतानाही हा डोंगर हलला होता. तो जर केव्हा तरी हलणारच होता, तर धरणाने त्याची वेळ अलीकडे आणली. अर्थात ज्याच्या घराची भिंत त्या पहाटे पडली त्याला या फरकाचे काय समाधान, हा प्रश्न उरतोच. आणि आम्ही तो सोडवू शकलेलो नाही.

कोयना तेवढ्याने थांबली नाही. १९८५ पासून जवळच वारणेचा जलाशय भरू लागला आणि १९९३ च्या सुमारास धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे वारणेच्या बाजूला वाढले. साधारण वीस किलोमीटर रुंद आणि तीस किलोमीटर लांब अशा एवढ्याशा टापूत, १९६२ पासून पाचाच्या वरचे वीसबावीस आणि चाराच्या वरचे दोनशेच्या घरात धक्के मोजले गेले. लहान धक्के हजारोंनी. जगात इतकी चिकाटी दाखविणारे दुसरे जलाशयी भूकंपक्षेत्र नाही. ठाणे जिल्ह्यात भातसा धरणाजवळही १९८३ साली लोकांनी घरे सोडून मांडवात राहून पाहिले. पालघरकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या वाड्या महिनोन् महिने थरथरत राहिल्या. तेथे तर मोठे धरणही कारण म्हणून दाखवता येईना.

किल्लारी डोंगरात नाही, तरी तिच्यावाचून ही कथा सांगणे अप्रामाणिक होईल. ३० सप्टेंबर १९९३, गणेशविसर्जनाची रात्र उलटलेली, पहाटेचे चार वाजायला आले होते. माप ६.२ च्या आसपास, म्हणजे कोयनेपेक्षा काकणभर कमीच. पण कोयनेला दोनशेच्या आत माणसे गेली, आणि लातूर-उस्मानाबादेत आठ-दहा हजार. फरक डोंगराने केला नाही, घराने केला. सह्याद्रीच्या पाड्यांतून वस्ती विरळ. मराठवाड्यातली गावे दाट, घरे माळवदाची. दीड-दीड हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर उन्हापासून राखण म्हणून मातीचे जाड धाबे, आणि पावसाळ्यागणिक त्यावर पडत गेलेली नवी माती. जे छप्पर उन्हाळ्यात शीतल होते तेच त्या पहाटे शिळा झाले. गावाच्या कडेला गवत-काटक्यांच्या झोपड्यांत राहणारे गरीब लोक पुष्कळ ठिकाणी वाचले. १९९२ च्या हिवाळ्याआधी त्या भागात बरेच धक्के बसले होते आणि लोक घाबरलेही होते. परंतु सरकारी नकाशात तो प्रदेश सर्वांत निर्धोक पट्ट्यात रंगविलेला होता. कोयनेनंतर नकाशा बदलला तो कोयनेपुरता. किल्लारीनंतर पुन्हा बदलला. २००२ सालच्या नकाशात तो 'पहिला' पट्टाच काढून टाकण्यात आला, आणि सगळ्यांत सौम्य म्हणून दुसरा पट्टा उरला. त्यात नागपूर आले.

सातपुड्याने २२ मे १९९७ रोजी जबलपुरास आपली आठवण पुन्हा दिली. माप सहाच्या जवळ, खोली पस्तीस किलोमीटरांच्या आसपास, चाळीसच्या सुमारास बळी. हाही पहाटे चारच्या पुढे. कोयना, किल्लारी, जबलपूर, तिन्ही पहाटे! यात शास्त्राचे काही नाही, निव्वळ योगायोग आहे. भूकंप कोणत्याही प्रहरी होतात. पण शेतकऱ्याचे गाव दुपारी शिवारात असते आणि पहाटे भिंतींच्या आत असते. त्या योगायोगाने किती माणसे नेली याचा हिशेब कोणाला करता येणार नाही.

आम्ही काही वर्षांपूर्वी कोयनानगरास गेलो होतो. चहाच्या दुकानात बसलो असता टेबल किंचित थरथरले, कपबशी किणकिणली. आम्ही दचकून उठलो. दुकानदार कपात चहा ओतीत होता. त्याने हात क्षणभर थांबविला, थेंब सांडू दिला नाही, आणि पुन्हा ओतू लागला. आम्ही विचारले तेव्हा म्हणाला, "हा लहान होता, साहेब. यंत्रावर तीनसुद्धा नसंल." संध्याकाळी चौकशी केली, तर त्याचा अंदाज बरोबर निघाला. शास्त्रज्ञांपाशी यंत्रे आहेत. या लोकांच्या तळपायांत साठ वर्षांची नोंदवही आहे, आणि ती कोणी उतरून घेतलेली नाही. केळकरांनी जुने कागद चाळले तसे कोणी या म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटून वाडीवाडीची हकीकत लिहून घेईल काय? कोयनेची ती पहाट पाहिलेली माणसे आता ऐंशीच्या पुढे चालली आहेत.

डोंगराचे पोट मात्र प्रत्यक्ष पाहण्याचे काम सुरू झाले आहे. कराडजवळ एक संशोधनशाळा उभारण्यात आली, आणि खोऱ्यात ठिकठिकाणी दीड दीड किलोमीटर खोल भोके पाडून काळा दगड कोठे संपतो ते पाहण्यात आले. कोयनेस तो सुमारे एक किलोमीटर जाडीचा भरला. किल्लारीस मागे अशीच चाचणी घेतली तेव्हा साडेतीनशे मीटरांच्या आतच संपला होता. त्याच्याखाली एकदम अडीच अब्ज वर्षांहून जुना असा खडक लागतो. मधला काळ तेथे जणू घडलाच नाही. २०१७ साली धरणाच्या दक्षिणेस गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे भोक पुरे झाले. इतक्या खोलीतून वर आणलेला तो करडा दगड आणि नागपूरच्या पूर्वेस रामटेकच्या वाटेवर उघड्यावर पडलेला दगड एकाच फार जुन्या पायाचे आहेत. आपल्याकडे तो पायाखाली आहे; कोयनेत त्याला गाठायला वर्षानुवर्षे वाद घालून मग भोक पाडावे लागले. त्या भोकात उतरविलेली यंत्रे, पुढचा धक्का कोणत्या फटीत उगम पावतो ते ऐकण्यासाठी आहेत.